दुधाचे दात, पक्की काळजी

मनुष्यप्राण्याला आयुष्यात दोनदा दात येतात, पहिल्या खेपेस वीस आणि दुसऱ्या खेपेस बत्तीस, असे शरीरशास्त्राची पुस्तके सांगतात. परंतु मराठी कुटुंबात दात कधीही एकटा येत नाही, त्याच्याबरोबर आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, एक आत्या, शेजारच्या काकू आणि अलीकडे सोसायटीतील मातांचा व्हॉट्सॲप ग्रुप एवढी मंडळी हिरडी फोडून वर येतात, याची त्या पुस्तकांनी दखल घेतलेली नाही. या मंडळींच्या काळजीचा थोडा पद्धतशीर अभ्यास केला, तर तिचा एक नियम हाती लागतो. दाताला धोका जितका कमी, तितकी घरातली काळजी अधिक. आणि दात जेथे खरोखर धोक्यात असतो, तेथे बहुधा लाड, कौतुक किंवा सण चालू असतो. पदार्थविज्ञानातील नियमांइतका हा नियम अपवादरहित नसेल, पण पहिल्या दातापासून बाराव्या वर्षापर्यंत तो बऱ्यापैकी टिकतो.

काळजीचा आरंभ दात येण्यापासून नव्हे, तर न येण्यापासून होतो. दुधाचे दात, म्हणजे बालपणी येऊन साधारण सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान पडून जाणारा पहिला संच, आईच्या पोटातच घडू लागलेले असतात आणि जन्माच्या वेळी हिरडीखाली आपापल्या जागी वाट पाहत बसलेले असतात. त्यांतले खालचे मधले दोन सहाव्या महिन्याच्या आसपास बाहेर डोकावतात. मात्र चौथ्या महिन्यात डोकावले किंवा वर्षापर्यंत रेंगाळले, तरी त्यात सहसा वावगे काही नसते. 'आसपास' हे परिमाण कुटुंबसंस्थेला मान्य नसल्यामुळे शेजारच्या बाळाला पहिला दात ज्या आठवड्यात दिसतो तोच आठवडा प्रमाण धरला जातो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे कारण सासरी सुनेने गरोदरपणी न घेतलेल्या दुधात, तर माहेरी जावयाच्या घराण्यात शोधले जाते. यांपैकी माहेरच्या मतात तथ्य अधिक आहे, कारण दात केव्हा यावेत हे बरेचसे आनुवंशिकतेने ठरते. मात्र ते चारचौघांत बोलून दाखवू नये.

दात वेळेवर आला तरी तो कोठे आला हा प्रश्न उरतोच. खालच्याऐवजी वरचा दात आधी दिसला तर तो मामाला जड जातो, अशी समजूत अनेक घरांत अजून टिकून आहे. त्यामुळे नाशिकला बँकेत नोकरी करणाऱ्या आणि या प्रकरणाशी सुतराम संबंध नसलेल्या एका सरळमार्गी गृहस्थाला भर दुपारी फोन करून प्रकृती विचारली जाते, आणि पुढील काही दिवस दुचाकी जपून चालवण्याचा सल्ला दिला जातो. क्वचित, काही हजारांत एखादे, बाळ दात घेऊनच जन्माला येते. असा दात बहुतेक वेळा घाईने बाहेर आलेला नेहमीचाच दुधाचा दात असतो, आणि तो फार हलत असेल किंवा दूध पिताना अडचण करत असेल तरच काढावा लागतो. त्या दाताकडे पाहून मामाने रजा टाकण्याचे कारण वैद्यकशास्त्रास आढळलेले नाही.

दात प्रत्यक्ष येऊ लागले, की त्यांच्यावर आरोप ठेवण्याचा काळ सुरू होतो. बाळाला ताप आला, दात येत आहेत. जुलाब झाले, दात येत आहेत. सर्दी, खोकला, रात्रीची रडारड, अंगावरचे पुरळ, या सगळ्यांचा आरोपी एकच. हिरडी थोडी सुजणे, लाळ गळणे, चिडचिड, फार तर अंग किंचित कोमट लागणे, एवढेच दात येण्याकडे बोट दाखवता येते. सणसणीत ताप आणि जुलाब यांची कारणे वेगळी असतात. पण योगायोग असा, की आईकडून जन्मतः मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याच सुमारास ओसरू लागतात, बाळ त्याच सुमारास रांगू लागते, आणि फरशीवर सापडलेली चप्पल, रिमोट, आजोबांची काठी अशी प्रत्येक वस्तू तोंडात घालून तिची परीक्षा घेते. जुलाब चपलेने होतात आणि शिक्षा दाताला होते. या गैरसमजात मराठी आजी एकटी नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. सतराव्या शतकातील लंडनमध्ये दर आठवड्याला प्रसिद्ध होणाऱ्या मृत्यूंच्या याद्यांत 'दात' हे मृत्यूचे एक अधिकृत कारण म्हणून छापले जाई. त्यापूर्वी सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या नामांकित फ्रेंच शल्यवैद्याने दाताला वाट मिळावी म्हणून बाळाच्या हिरडीला चीर देण्याचा पुरस्कार केला होता. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये दात येणाऱ्या बाळांसाठी जी चूर्णे राजरोस विकली जात, त्यांत पाऱ्याचे क्षार असत. त्या पाऱ्याने बाळांचे हातपाय गुलाबी पडून सुजण्याचा एक वेगळाच आजार फैलावला होता, आणि 1954 च्या सुमारास ती चूर्णे बाजारातून गेल्यावर तो आजारही गेला. या इतिहासाच्या शेजारी ठेवले, तर सहाणेवर बाळगुटीचे वळसे मोजणारी आजी बरीच सौम्य प्रवृत्तीची ठरते. जुलाब झालेल्या बाळाला मात्र गुटीपेक्षा जलसंजीवनीची आणि डॉक्टरांची गरज असते, आणि दातांवर विसंबून ती दोन दिवस लांबणीवर पडते, तेवढाच या विनोदातला गंभीर भाग.

इथवरच्या सर्व काळजीत दातांना प्रत्यक्ष धोका कोठेच नव्हता, हे लक्षात घ्यावे. तो पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास येतो आणि वाजतगाजत येतो. मुलाला दंतवैद्याकडे प्रथम केव्हा न्यावे, या प्रश्नावर अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेपासून आपल्याकडील बालदंतवैद्यांपर्यंत बहुतेकांचे उत्तर 'पहिल्या वाढदिवसापर्यंत' असे आहे. महाराष्ट्रात पहिल्या वाढदिवसाला सभागृह ठरवले जाते, फुग्यांची कमान उभारली जाते, तीन मजली केक येतो आणि त्यावरील साखरेचे फूल बाळाच्या आठ दातांवर विधिपूर्वक लावून छायाचित्र घेतले जाते. निमंत्रितांच्या यादीत दंतवैद्य असलाच, तर तो दूरचा नातेवाईक म्हणून असतो.

त्यातही संक्रांतीचा काळ अभ्यासकाने विशेष पाहावा. त्या दिवसांत होणाऱ्या बोरन्हाणात, म्हणजे लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा ओतण्याच्या समारंभात, बाळाला काळे झबले घालून हलव्याच्या दागिन्यांनी मढवले जाते. साखरेचा मुकुट, साखरेचा हार, साखरेच्या वाक्या, आणि कृष्ण केला असेल तर साखरेची बासरी अशा थाटात ते पाटावर बसते आणि फोटो निघेपर्यंत हाराचा खालचा भाग चाटून संपवते. दातांच्या शत्रूला इतक्या कलाकुसरीने दागिन्यात घडवणारी संस्कृती जगात दुसरी असेल असे वाटत नाही, आणि तिचा योग्य तो अभिमान बाळगण्यास हरकत नाही. अलीकडे बोरांऐवजी गोळ्या आणि चॉकलेटे ओतली जातात, कारण बोरातली आठळी मुलाच्या घशात अडकेल अशी काळजी घरच्यांना वाटते.

न्यायबुद्धीने सांगायचे, तर वर्षातून एकदा येणारे बोरन्हाण दातांचे फारसे काही बिघडवत नाही. बिघडवते ते त्यानंतर उरलेल्या हलव्याचा डबा. दात किडणे, म्हणजे दातावरच्या चिकट थरात राहणाऱ्या जिवाणूंनी साखर खाऊन सोडलेल्या आम्लाने दाताचे कठीण आवरण विरघळणे, यात साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व असते. रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकाने 1940 च्या दशकात दाखवून दिले, की गोड तोंडात जाताच काही मिनिटांत दाताच्या पृष्ठभागावरील आम्लता वाढते आणि लाळेला ती पूर्ववत करण्यास अर्धा-एक तास लागतो. म्हणजे मुलाने सकाळी पाच जिलब्या एका बैठकीत खाल्ल्या तर लाळेला एकदाच कष्ट पडतात. पण त्याच पाच जिलब्या आईने, आजीने, आजोबांनी, आत्याने आणि खालच्या वाण्याने एकमेकांना न सांगता दिवसभरात एकेक दिल्या, तर लाळ पाच वेळा कामाला लागते. प्रत्येक जण 'एकच दिली' अशी शपथ घेऊ शकतो, आणि प्रत्येकाची शपथ खरी असते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म या संस्थेत 1945 नंतरच्या काही वर्षांत झालेल्या कुप्रसिद्ध प्रयोगात हेच सिद्ध झाले. तेथील बौद्धिकदृष्ट्या दुर्बल रहिवाशांना, त्यांच्या संमतीवाचून, जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफ्या देण्यात आल्या आणि त्यांच्या दातांची वाताहत मोजण्यात आली. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. त्या निष्कर्षातून स्वीडनमध्ये गोड फक्त शनिवारी खाण्याची प्रथा रूढ झाली. ती येथे आणण्याचा विचार एखाद्या घरात होतोही, पण शनिवार हा मारुतीचा वार. त्या दिवशी आजीचा उपवास असतो आणि उपवासाचे म्हणून जे काही घरात येते त्यात राजगिऱ्याची चिक्की अग्रभागी असते.

चॉकलेटावर घराचा राग असतो आणि बिस्किटावर माया असते, हा आणखी एक विरोधाभास. चॉकलेट निदान तोंडात विरघळून निघून जाते. चहात बुडवलेले ग्लुकोज बिस्कीट मात्र दाढांच्या खाचांत लगद्यासारखे बसून राहते, आणि ते 'पौष्टिक' म्हणून आजोबांच्या बशीतून दिवसातून दोनदा दिले जाते. याहून घातक प्रकार रात्रीचा. दुधाची बाटली, तीही साखर घातलेली, तोंडात ठेवून बाळ झोपी जाते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाने वाचतात, वरचे दोन-तीन वर्षांच्या आत तपकिरी पडून झिजतात. ते दिसू लागल्यावर घरात जे निदान होते ते असे, की बाळाला डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले होते, त्याने दात काळे झाले. लोहाच्या थेंबांनी दातांवर वरवर काळे डाग पडतात हे खरे. पण ते घासून निघतात, दात खात नाहीत.

मग घासण्याचा विषय निघतो आणि घराचे दोन पक्ष पडतात. आजोबांच्या पक्षाचे म्हणणे असे, की त्यांनी आयुष्यभर राखुंडी, कोळसा, मीठ आणि कडुनिंबाची काडी यांवर भागवले, फार तर काळे दंतमंजन आणले, आणि त्यांना कधी दंतवैद्याचे तोंड पाहावे लागले नाही. हे विधान ते अत्यंत ठामपणे करतात. फक्त त्या वेळी त्यांची कवळी शेजारच्या खोलीत पाण्यात ठेवलेली असल्यामुळे काही शब्द नीट कळत नाहीत. दुसरा पक्ष दूरदर्शनवरील जाहिरातीप्रमाणे ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट उभी करतो. प्रत्यक्षात तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, कारण लहान मूल ती थुंकत नाही, गिळते. पेस्टमधील फ्लोराइड, म्हणजे दाताचे आवरण आम्लापुढे टिकाऊ करणारा क्षार, हा व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला विष म्हणून घोषित होतो. फ्लोराइड प्रमाणाबाहेर पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडांनाही अपाय होतो, हे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ज्या गावांच्या विहिरींत आणि कूपनलिकांत ते नैसर्गिकरीत्याच फार आहे तेथील लोकांना कोणी फॉरवर्ड करून सांगावे लागत नाही. पण कोथरूडमधल्या दाण्याएवढ्या पेस्टशी त्या पाण्याची तुलना करून मुलाला पेस्टच बंद करणारे पालक आहेत, आणि त्यांच्याच घरी चिक्कीचा डबा मुलाच्या हाताला येईल अशा फडताळात असतो. शिवाय चार वर्षांच्या मुलाने स्वतः दात घासले की 'किती शहाणं आमचं बाळ' असे होते. वास्तविक सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुलाच्या मनगटाला ते काम नीट जमत नाही आणि ते मोठ्यांनीच करायचे असते. स्वावलंबनाचा संस्कार नेमका या एकाच ठिकाणी लवकर लावला जातो.

दाढ ठणकू लागल्यावर 'दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत' हा युक्तिवाद पुढे येतो. हा युक्तिवाद ऐकायला तर्कशुद्ध आहे, फक्त दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहायच्या असतात ही माहिती त्यात बसत नाही. चौथ्या वर्षी किडलेली दाढ आणखी सहा-सात वर्षे चावण्यासाठी लागणार असते. शिवाय ती अकाली काढली, तर शेजारचे दात एसटीतल्या रिकाम्या बाकाकडे सरकावे तसे त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला उभे राहावे लागते. म्हणून बालदंतवैद्य दुधाच्या दाढेचेही रूट कॅनाल करतात, म्हणजे आतील सडलेला मगज काढून पोकळी भरतात आणि वर स्टीलची टोपी बसवतात. 'पडणाऱ्या दातावर एवढा खर्च?' असे त्या वेळी विचारले जाते, आणि विचारणाऱ्याने त्याच आठवड्यात पाच महिन्यांत अपुरे होणारे बूट मुलासाठी घेतलेले असतात.

दवाखान्यात जाण्यापूर्वी मुलाची मानसिक तयारी करण्याची जबाबदारीही घर पार पाडते. ज्या मुलाला तीन वर्षे 'जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' असे सांगितलेले असते, त्याला दारात उभे राहून 'घाबरू नकोस हं, काही दुखणार नाही' असे सांगितले जाते; दुखण्याचा विषय तोवर मुलाच्या डोक्यातही नसतो. बालदंतवैद्यकात 1959 पासून एक पद्धत शिकवली जाते : आधी सांगा, मग दाखवा, मग करा. उपकरणाला गमतीचे नाव द्यायचे, ते मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचे, आणि मगच दाताकडे वळायचे. ही पद्धत मुलांवर चांगली लागू पडते. खुर्चीशेजारी उभे राहून 'सुई कुठे ठेवली आहे?' असे विचारणाऱ्या वडिलांवर ती लागू पडल्याचे ऐकिवात नाही.

सहाव्या वर्षी पुढचा दात हलू लागतो आणि घरात पुन्हा उत्सव होतो. पडलेला दात कौलावर टाकायचा, शेणात घालून फेकायचा किंवा उंदराच्या बिळात सोडायचा, असे निरनिराळे पाठभेद निरनिराळ्या गावांत आहेत. यांपैकी उंदराची निवड अभ्यासपूर्ण म्हणावी लागेल, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. स्पेनमध्ये आणि फ्रान्समध्येही पडलेला दात उंदरालाच दिला जातो. चौदाव्या मजल्यावर कौले नसल्यामुळे आणि तेथून फेकलेला दात दुसऱ्या मजल्यावरच्या पापडांच्या वाळवणात पडत असल्यामुळे आता उशीखाली दात ठेवून परीकडून नोट घेण्याची अमेरिकन पद्धत इंग्रजी शाळांमार्फत आली आहे. परी दहा रुपये देते की पाचशे, यावरून वर्गात तिच्या ऐपतीची चर्चा होते.

या समारंभात एक पाहुणा मात्र कोणाच्याही नजरेस पडत नाही. त्याच वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कायमची पहिली दाढ उगवते. कोणताही दात पडून तिला जागा मिळालेली नसते, म्हणून ती दुधाचीच समजली जाते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, म्हणून ती लवकर किडते. आणि तिच्यानंतर दुसरी येणार नसते. 'पडेल की' असे म्हणत घर तिची दोन वर्षे वाट पाहते. दरम्यान घराचे सगळे लक्ष पुढच्या दातांकडे असते. नवे दात पिवळट दिसतात, कारण त्यांच्या आतला थर जाड असतो आणि शेजारचे दुधाचे दात पांढरेशुभ्र असतात. त्यांची कड करवतीसारखी असते, जी वापरून सपाट होते. खालचे कधीकधी दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूने, दुसऱ्या रांगेत उगवतात, आणि पुढचे दात पडल्यावर बहुधा जीभच त्यांना पुढे ढकलते. वरच्या दोन दातांमध्ये फट पडते, जी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुळे खाली उतरल्यावर अनेकदा आपोआप मिटते. या चारही गोष्टींसाठी लोक तातडीने भेटीची वेळ घेतात. मूल झोपेत दात खाऊ लागले तर वेळ घेतली जात नाही, कारण पोटात जंत झाल्याचे निदान आजीने आधीच केलेले असते आणि औषधही दिलेले असते. जंतांशी दात खाण्याचा संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. पण ही सवय बहुतेक मुलांत वयाबरोबर आपोआप सुटत असल्याने औषधाला गुण आला असेच आजीच्या दप्तरी नोंदले जाते.

बाराव्या वर्षाच्या आसपास शेवटची दुधाची दाढ पडते, बहुधा शाळेच्या डब्यात, चपातीच्या घासाबरोबर. ती कौलावर जात नाही, उशीखाली जात नाही, घरी तिचा उल्लेखही होत नाही, कारण तोवर मुलाच्या चष्म्याचा नंबर निघालेला असतो, त्याचे कारण मोबाइल आहे की घराणे यावर सासर आणि माहेर यांत मतभेद झालेले असतात, आणि आजीने गाजरे किसायला घेतलेली असतात. त्यांचा हलवा होणार असतो.